अक्काने सभासदांना गाडीत निजवलं

यमुनाअक्का गेल्याची तार आली तेव्हा मी धुळ्यात वर्गावर होतो. मुलांना गणितं घातली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो... दहाव्यालाच काय तो पोचलो.

अक्का माझी मावशी. भडगावजवळ गिरणाकाठी तिची शेती. तिची एकुलती लेक सुभद्रा बाळंतपणात अडली, तेव्हा जवळपास ना डॉक्टर, ना शिकलेली सुईण. बैलगाडीने पाचोरा, तिथून रेल्वेने जळगावचा दवाखाना गाठायचा असं ठरलं. सुभद्रा बैलगाडीतच गेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन अक्का तशीच माघारी आली.

पुढे निवडणूक लागली. जिल्हा बोर्डाचे एक सभासद मतं मागायला गावात आले. अक्काने गावासाठी नर्स मागितली. ते समजुतीने म्हणाले, "अक्का, जळगावला एवढा मोठा दवाखाना आहे. तो तुमचाच ना?"

"शे ना, भाऊ. पन तठलोंग बाई जित्ती कशी जाई?" अक्का म्हणाली. "तुम्ही आमनी गाडीमा निजा. पाचोरालोंग चाला."

चार माणसांदेखत त्यांना नाही म्हणवेना. ते गाडीत आडवे झाले, शेजारी अक्का बसली. नदीच्या उतारावर चाकं दगडांवर आदळू लागली तसे ते उठून बसायला लागले.

"पडी ऱ्हा, भाऊ. मन्ही पोर बी अशीच व्हती."

पाचोऱ्याला उतरल्यावर त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं.

निवडून आल्यावर त्यांनी शब्द टाकला, पण पैसा सगळा जळगावच्या नव्या इमारतीकडे वळलेला. अक्का बोर्डाच्या प्रत्येक सभेला जाऊन बसू लागली. बऱ्याच खेपांनंतर नर्स मिळाली, तर राहायला जागा नाही म्हणून तीच बदली मागू लागली. अक्काने आपलं माजघर तिला दिलं आणि स्वतःची खाट ओसरीवर टाकली. त्या माजघरात जन्मलेली पोरं आज औत हाकतात.

इथे धुळ्यातही मोठा दवाखाना आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाईला मात्र तो सुभद्राला जळगावचा होता तितकाच लांब. दहाव्याहून परतल्यावर मी त्या पायथ्याच्या गावांसाठी नर्स मागायला इथल्या बोर्डात गेलो. "सभेत बघू," म्हणाले.

सभेला निघताना अक्का फडक्यात भाकरी-ठेचा बांधून घ्यायची. उत्तर मिळाल्याशिवाय उठायचं नाही, म्हणजे जेवणवेळ टळणारच.

काल सभा होती. बायकोने विचारलं, "जेवायला घरी येणार ना?"

म्हटलं, "भाकरी बांधून दे."