रुखवतातला नवरदेव

आमच्या अमळनेरच्या घरात शिरलं की बैठकीत समोरच एक तसबीर दिसते. येणारा-जाणारा तिच्यापुढे थांबतो आणि विचारतो, हे कुणी केलं? मी केलं, एवढंच मी सांगते. त्यापुढचं आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी नाही. देवापुढे हात जोडले तरी मी भलतंच काहीतरी बोलत राहते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. का, ते मलाच नीट कळलेलं नाही.

तसबीर माझ्या रुखवतातली आहे. सगळी कागदाची. लग्नमंडप, केळीचे खांब, वाजंत्री, अंतरपाट, आणि मधोमध नवरा-नवरी. यातली एकही रेघ मी काढलेली नाही. सगळं कापलेलं आणि चिकटवलेलं. जुन्या चित्रांतून.

माझे वडील जळगावात एका कापडाच्या दुकानात कामाला होते. तेव्हा ताग्यांवर गिरणीची रंगीत चित्रं चिकटवलेली असायची — मोर, हत्ती, झोपाळ्यावरच्या बायका, देवदेवता. ती ते अलगद सोडवून माझ्यासाठी आणायचे. इंग्रज नुकतेच गेले होते, त्यामुळे घरोघरच्या भिंतींवरचे राजा-राणीही रद्दीत निघाले होते. मी त्यांना सोडलं नाही. राजाचं सिंहासन मी कुणाच्या तरी रुखवतात चौरंग म्हणून वापरलं, राणीच्या झग्याची झालर तोरणाला लावली. गल्लीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की तिची आई माझ्याकडे यायची. मला त्याचा ताठा होता. शाळा लवकर सुटलेली, रंग सावळा — मग कशाचा तरी ताठा हवाच ना माणसाला?

आणि अक्का. अक्कांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, म्हणून तर मी इतका वेळ राजा-राणीत घालवला.

अक्का आमच्या शेजारी, त्यांच्या भावाकडे राहायच्या. सावद्याकडच्या. तिकडे घरची केळीची बाग होती, पण नवरा गेला, पाठोपाठ एकुलता एक मुलगा तापाने गेला, आणि भाऊ त्यांना जळगावात घेऊन आला. मी त्यांच्याच ओट्यावर लहानाची मोठी झाले. मेहरूणची बोरं त्या पदरात बांधून आणायच्या आणि पहिलं पिकलेलं बोर माझ्या हातावर ठेवायच्या. आमच्या घरात त्यांचा शकुन-अपशकुन कुणी कधी पाहिला नव्हता. मी तर त्यांच्या ताटात जेवलेली. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, साबणाच्या वड्यांवरचे कागद. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी त्यातल्या कागदांची गुंडाळीच्या गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली.

"ने वं सुमन, तुले लागतीन ते कागद ने. माले कशाले पाहिजे आता?"

सासरचं घर अमळनेरचं, खाऊनपिऊन सुखी. मला पाहायला आल्या तेव्हा सासूबाई जाता जाता म्हणाल्या होत्या, मुलगी हाताची कुशल आहे म्हणतात, बघूच रुखवतात. त्या "बघूच"ने माझी झोप उडवली. मी आजवर कुणी केलं नसेल असं करायला घेतलं. बाकी सगळं जमलं, अडलं ते एका तोंडापाशी. नवरी मान खाली घालून बसवली, तिचं भागलं. पण नवरदेवाला तोंड हवं! ताग्यावरची तोंडं एक तर देवांची, नाहीतर बायकांची. देवाचं डोकं कापायला आईने सक्त मनाई केलेली. राजाचं लावून पाहिलं, तर दाढीवाला गोरा साहेब मुंडावळ्या बांधून उभा! आई हसून हसून बेजार झाली. मला रडू आलं.

अक्कांच्या गुंडाळीत एका कॅलेंडरच्या आत आणखी एक कॅलेंडर होतं, आणि त्याच्या आत एक फोटो. जरीची टोपी घातलेला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलेला मुलगा. फोटोवाल्याने गालांना हलका रंग दिलेला.

मी तो ओळखला नाही, असं म्हणायला मला किती आवडलं असतं! पण मी ओळखला. अक्का वर्षातून एकदा, आपल्या मुलाच्या तिथीला, तो बाहेर काढायच्या, पदराने पुसायच्या आणि मला दाखवायच्या. कसर लागू नये म्हणून गुंडाळीत ठेवायच्या, आणि ठेवला आहे हे त्या दिवशी विसरल्या. चूक त्यांच्याकडून इतकीच झाली. मी उठून शेजारच्या दारात जायचं आणि म्हणायचं, अक्का, हा चुकून आला. ओटा तो किती लांब?

उद्या देऊ, असं ठरवलं. मग म्हटलं, नुसता ठेवून तर पाहू. ठेवला. मंडपात ते तोंड असं बसलं की जणू त्याच्यासाठीच जागा सोडली होती. भर दुपारी, आई दळण आणायला गेलेली असताना, मी कात्री चालवली. हनुवटीखालून अगदी सफाईने कापलं. टोपीच्या जागी फेटा, वर पत्रिकेच्या सोनेरी काठाचं बाशिंग. उरलेला फोटो — तो सदरा, तो खुर्चीवरचा हात — मी चुलीत सारला.

तिथी आली तेव्हा लग्नाला थोडेच दिवस उरले होते. अक्का आमच्याकडे आल्या.

"माह्या मुरलीचा फोटो पाह्यला का वं? गुंडाळीत व्हता."

मी म्हटलं, नाही अक्का, बरेच कागद खराब निघाले, रद्दीत घातले, त्यात गेला असेल तर माहीत नाही. किती सहज म्हटलं मी! त्या तशाच चपला न घालता रद्दीवाल्याकडे गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. रद्दीवाला मला ओळखायचा. म्हणाला, तुमच्या अक्का ढिगात बसून एकेक कागद उलटतात, वाचता तर येत नाही त्यांना. मी सोबत गेले — हो, गेलेसुद्धा — आणि त्यांच्याशेजारी बसून कागद उलटले. तसबीर तेव्हा काच बसवायला दिलेली होती.

इथवर तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, मोहात पडली, घाबरली. मीही स्वतःला पुष्कळ वर्षं हेच ऐकवलं. पण मला सांगायचं आहे ते याच्यापुढचं आहे.

लग्नाच्या दिवशी रुखवतापुढे ही गर्दी! सासूबाई तसबिरीपुढून हलेनात. कुणीतरी म्हणालं, नवरदेव अगदी जिवंत वाटतो. आणि मी मान खाली घालून — खूश होते. भीती एकच होती, अक्कांची. पण त्यावर माझ्याकडे उपाय तयार होता. विधवा बाई रुखवतापुढे यायची नाही, स्वयंपाकाकडे मागेच थांबायची. जी रीत आमच्या घराने त्यांच्यासाठी कधी मानली नव्हती, तिच्यावर मी भिस्त ठेवली होती.

त्या खरोखरच मागे थांबल्या. पण मी साडी बदलायला आत जाताना त्यांनी मला दारात गाठलं. हात पिठाचे होते, म्हणून अंगाला न लावता लांब धरलेले.

"सारे म्हणतात लय झ्याक केलं. माले दाखव ना वं तुहं रुखवत. दुरूनच पाहते."

त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नसतं. मी नाही म्हणणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, "आज नको, अक्का. शुभकार्य आहे. सासरचे लोक काय म्हणतील?"

हेच ते. हेच सांगायचं होतं.

त्या म्हणाल्या, "खरं हाये पोरी. माह्याच ध्यानात नाही रायलं." पदर कपाळावर पुढे ओढला आणि पुऱ्या लाटायला परत गेल्या. मी माहेरी गेले की पुढेही त्या यायच्या, पण आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नाहीत. आई म्हणायची, अक्कांना काय झालं कोण जाणे. मीही म्हणायचे, कोण जाणे.

मग त्या सावद्याला परत गेल्या आणि तिथेच वारल्या. तोवर मधे कितीतरी वर्षं होती. आमची चिकटवायची खळ गव्हाच्या पिठाची, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. ओलं फडकं ठेवलं की कागद सुटतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? काच काढायची, फडकं ठेवायचं, आणि निदान तेवढं तोंड तरी मोटारीने सावद्याला नेऊन त्यांच्या हातावर ठेवायचं. मी दर दिवाळीला काच पुसली. काढली नाही.

तसबीर अजून तिथेच आहे. गालांचा रंग तसाच टिकून आहे. माझ्या मुली लहानपणापासून त्याला नवरदेव म्हणतात, आता त्यांचं पाहून शेजारची मुलंही म्हणतात.

त्याचं नाव मुरलीधर होतं. त्याच्या आईला त्याला एकदा पाहायचं होतं. तिच्यात आणि त्याच्यात तेव्हा फक्त एक दार होतं, आणि त्या दारात मी उभी होते.