कुणाचा माणूस?

"दात दाखव."

अण्णा ओट्यावर बसले होते. शेजारी त्यांचे मेहुणे, पिंपरीच्या नव्या कारखान्यातले मुकादम. बाप आणि मी खाली अंगणात. चपला हातात.

मी बापाकडं पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतो? दाखव. मुकादम, चाकणच्या बाजारात बैल बघता तसा बघून घ्या. मागनं म्हणाल, अण्णानं मारकं जनावर गळ्यात मारलं."

मुकादम हसले. बापही हसला. अण्णांचं रान आम्ही वाट्यानं करत होतो. ते काढून घेतलं असतं तर चूल विझली असती. म्हणून बाप हसला.

मी तोंड उघडलं.

"पोरगं सातवी शिकलंय, अण्णा," बाप म्हणाला. "तुमची वळख हाय, म्हून आलो."

"सातवी? मग तर कामाचा आहे." अण्णा पुढं वाकले. "सोमवारी फाटकावर जा. मुकादम विचारतील, कुणाचा? अण्णांचा म्हणायचं. रविवारी इथं यायचं. गोठ्यातलं शेण काढायचं. आणि तिथं युनियनचं कोण बोलतं, कोण पत्रकं वाटतं, ते मला सांगायचं. कळलं?"

"व्हय जी," बापच म्हणाला.

माझ्या सदऱ्याच्या आत तसलंच एक पत्रक होतं. चिंचवड स्टेशनाबाहेर फाटक्या कपड्यातल्या एका कामगारानं दिलेलं. सदऱ्याखाली ते घामानं भिजत होतं. मुकादमांची नजर छातीवर आली की मी हातातल्या चपला वर घ्यायचो. पहिलं नाव त्याच कामगाराचं सांगावं लागणार होतं.

सोमवारी रांगेत उभा राहिलो. नाव कुणी विचारत नव्हतं. मुकादम एकच शब्द टाकायचे.

"कुणाचा?"

"पाटलांचा."

"आत."

"कुणाचा?"

"शेटजींचा."

"आत."

फाटक जवळ येत गेलं. अण्णांचा, एवढंच म्हणायचं होतं. घरून निघाल्यापासून मनात तेच घोकत होतो. पण तोंड उघडायची वेळ आली आणि अंगण आठवलं. उघडलेला जबडा. बापाचं हसू. आता तेच तोंड पुन्हा उघडायचं, आणि पुढं दर रविवारी.

"कुणाचा रे?"

मुकादमांनी मान वर करून पाहिलं.

"बोल की! अण्णांचाच ना तू?"

"न्हाई," मी म्हणालो. "कुणाचाच न्हाई." आणि माझं नाव सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला, की मागचा माणूस म्हणाला, "मोठ्यानं बोल राव." मग मोठ्यानं सांगितलं.

मुकादमांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बापाला इचारलंस का?"

त्यांनी मागच्याला हात केला.

"हो बाजूला."

बाजूला झालो. रांग आत गेली. फाटक लागलं.

त्या हंगामात रान गेलं. बाप खडी फोडायला जाऊ लागला. माझ्याशी बोलायचा बंद झाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझंही चुकलं असं म्हणणार नाही.

मी त्या फाटकावर पुन्हा पुन्हा गेलो. आत घेतलं नाही. म्हणून बाहेर उभा राहून पत्रकं वाटू लागलो. मुकादम दिसले तरी पत्रक पुढं करतो आणि आधी माझं नाव सांगतो. दात मोजायला हे तोंड पुन्हा उघडणार नाही.