मानेसरचा गोडा समुद्र

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. म्हणजे तुम्ही हसालच, पण निदान चहाचा कप खाली ठेवून हसा!

माझं काम काय, तर समुद्राचं पाणी पिण्याजोगं करायचं. आणि कुठे? मानेसरला! इथे कसला आलाय समुद्र? तो कोकणातून ट्रकने पिंपं भरभरून मागवलेला. आमचं चाचणीचं छोटं यंत्र चाललं, तर तिथल्या एका गावाला मोठं मिळणार होतं. त्या गावच्या सरपंच हमीदाबाई त्यासाठीच दिल्लीत येऊन राहिल्या होत्या, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये. उन्हाळ्यात त्यांच्या बायका टँकरसाठी अर्धा अर्धा दिवस ताटकळतात हो. मी ठरवलं, चालवणार म्हणजे चालवणारच!

आठवडाभर काय चाललं? कपाळ! थेंब थेंब पाणी, तेही खारट. जेवायची शुद्ध राहिली नाही, पण मी काही हटले नाही. आणि हमीदाबाई परत निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बटण दाबलं, तर काय! धो धो पाणी! चाखलं, तर गोडं! मीटरवर क्षार नावाला. मी शेडमध्ये नाचले, खोटं कशाला बोलू?

लगेच फोन केला. दुपारी आमचे भाटियासाहेब हमीदाबाईंना घेऊन हजर.

"वाह मॅडम, कमाल है!" साहेबांनी दोन ग्लास रिचवले. "फाइल आज ही भेजते हैं!"

मी तर भाषणच ठोकलं. हमीदाबाई मात्र सरळ गेल्या यंत्राच्या मागे, जिथून समुद्राचं पाणी आत जातं त्या टाकीकडे. बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"बाय, हा कुठला समुद्र?"

"अहो, तुमचाच की!"

"आमचा असता तर तोंड वाकडं झालं असतं. हे नळाचं आहे गो."

मी चाखलं. नळाचंच!

"ये किसने भरा?" साहेब कडाडले.

आणि मला आठवलं. मी लहानाची मोठी झाले सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिथे पाणी यायचं घटकाभर. नळ वाजला की रिकामं दिसेल ते भरायचं, बादली, पातेली, कुकरसुद्धा! काल संध्याकाळी शेडमधला नळ वाजला, समोर टाकी रिकामी. गेला ना हात! भरली काठोकाठ.

"मैंने, सर."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"रडतेस काय?" हमीदाबाई म्हणाल्या. "पिंपं शिल्लक आहेत ना? मग लाग कामाला. मी तिकीट पुढे ढकलते."

लागले! पंपाचा दाब वाढवला, आतली एक चिरलेली रबरी रिंग सापडली, ती बदलली. तिसऱ्या दिवशी गोड्या पाण्याची धार लागली. हमीदाबाईंनी आधी टाकी चाखली, थू थू केलं, मग ग्लास तोंडाला लावला. डोळे भरून आले त्यांचे, आणि माझेही.

पुढे गावात मोठं यंत्र बसलं. उद्घाटनाला मला आग्रहाने बोलावलं, शालश्रीफळ दिलं, मानाची खुर्चीही दिली.

नळापासून सगळ्यात लांबची!