तालमीची खोली

मिनेओकाच्या शाळांना जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात शिझुए कुवाबारा एकवीस वर्षं डेटाबेस सांभाळत होत्या. जपानी रेल्वेच्या मोटरमनसारखं पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीकडे बोट रोखायचं आणि तिचं नाव खणखणीत उच्चारायचं, ही त्यांची रीत. कचेरी हसायची. बाईंनी आवाज कधी उतरवला नाही.

त्या सकाळी दुसरीतल्या नव्या मुलीचं, कोनात्सुचं, अंड्याच्या ॲलर्जीचं पथ्य यादीत चढवूनही डब्यांच्या चिठ्ठ्यांत तिचं नाव येईना. साडेदहाला गाडी निघणार. चिठ्ठी नाही, म्हणजे पोरीच्या पुढ्यात सगळ्यांचंच ऑम्लेट.

मुख्य आचारी तोकुनागा दारात उभे. हाताने चिठ्ठी लिहा आणि मोकळ्या व्हा, असं त्यांचं म्हणणं.

"तोकुनागा-सान, तिची लिहीन हो. पण आणखी कुणाकुणाची नावं गळलीत, ते तुम्ही सांगणार का?"



बाईंनी बोट रोखलं. "पथ्याची यादी." आणि थबकल्या. कुठली यादी? एकाच डेटाबेसात, दोन वेगळ्या स्कीमांत, म्हणजे कप्प्यांत, त्याच नावाच्या दोन याद्या होत्या. जणू दोन खोल्यांत दोन कपाटं. एक खरी, दुसरी नव्या सत्राआधी चिठ्ठ्या छापण्याच्या रंगीत तालमीसाठी केलेली तिची नक्कल. नुसतं नाव घेतलं, की सर्च पाथमध्ये, म्हणजे शोधायच्या क्रमात, जी खोली आधी लिहिलेली, तिथलीच यादी हाती येते.

बाईंच्या लॉगिनच्या खात्यात खरी खोली आधी होती. चिठ्ठ्या छापणाऱ्या खात्यातून शिरून त्यांनी क्रम विचारला. तिथे तालमीची खोली पहिली. तालीम संपून महिना झाला, तरी ती कुणी हलवली नव्हती. लावली होती त्यांनी स्वतःच.

"चूक माझी," कंबरेत वाकून त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं द्या."

क्रम बदलला. चिठ्ठ्या पुन्हा छापल्या. नाव नाहीच.

"झालं का?" तोकुनागा घड्याळ बघत म्हणाले.

बाईंनी मान वर केली नाही. छापणारा प्रोग्राम सकाळपासून डेटाबेसला जोडलेला, जुनाच क्रम धरून बसलेला. नवा क्रम नव्या जोडणीलाच लागू. त्यांनी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला.

कोनात्सुची चिठ्ठी आली. पाठोपाठ आणखी दोन मुलांच्या आल्या, ज्यांची कुणाला कल्पनाच नव्हती.

तोकुनागा तिन्ही चिठ्ठ्या घेऊन चुलींकडे धावले. गाडी अकरा मिनिटं उशिरा निघाली. बाई कबुलीजबाब लिहायला बसल्या. तालमीत सहा जण होते. कागदावर नाव एकच आलं.