कोंढ्याच्या थांब्यावरची साथ

लेखणी हाती धरण्याइतकी माझी योग्यता नाही. वाचकांनी क्षमा करावी. कोंढ्याच्या बसथांब्यावर मी मोबाइलवर एका व्हिएतनामी गायिकेचे गाणे ऐकत होतो. शेजारी भाताची रोवणी आटोपून आलेली, पोटऱ्यांवर चिखल वाळलेली एक अनोळखी बाई बसली होती.

"काय म्हनते जी थे?"

"सरकारला जाब विचारते. म्हणून तिला देश सोडावा लागला. आता घरी परतता येत नाही."

"अन् एकटीच गाऊन रायली? आमच्या धानाच्या बांधीत रोवताना एकीनं गानं म्हटलं का बाकीच्यायले मागून म्हनाच लागते."

आणि शब्द कळत नसतानाही प्रत्येक ओळीचा शेवट ती मोठ्याने म्हणू लागली. बस आली; गाणे अपुरे म्हणून तिने ती जाऊ दिली. मी मात्र थक्क होऊन, ओठ मिटून बसलो होतो.

तुम्ही असता, तर गायला असता का?