शून्य पॉइंट सहाची खाच

मेहुणा दाजी म्हणायचा, म्हणून कारखान्यातले सगळेच त्यांना दाजी म्हणत. काम तपासनीसाचं. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा पुसायचा, मापायचा आणि अहवालावर सही करायची. दाजींची सही नसेल तर खोक्याला खिळा ठोकायचा नाही, हा नियम कारखान्याचा मालक असलेल्या या मेहुण्यानंच घालून दिला होता. एकोणीस वर्षांत त्यांनी पास केलेला एकही तुकडा परत आला नव्हता. कामगार पाठीमागे म्हणत, "देव भेटला तर दाजी आधी त्याचा व्यास मोजतील, मग पाया पडतील."

गेल्या वर्षी परदेशातून पोलादी रिंगांची ऑर्डर आली. अहवालातल्या 'वापर' या रकान्यात लिहायचं होतं : दुधातून साय वेगळी करण्याचं यंत्र. पोलाद इतकं चिवट की दिवसाला तीन हत्यारं मोडत. मापात इकडेतिकडे व्हायची सूट केसाच्या विसाव्या भागाएवढी.

"एवढ्या नेमक्या यंत्रात दूध कुणाचं घालणार आहेत?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही माप बघा," मेहुणा म्हणाला. "म्हशीचं की वाघिणीचं, ते गिऱ्हाईक बघेल."

दाजींना कळलं होतं. अणुबाँबसाठी युरेनियम शुद्ध करणाऱ्या यंत्रांत असल्या रिंगा लागतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात चित्रासकट वाचलं होतं. ते पान त्यांनी डब्याखाली अंथरलं, जेवले, आणि दुपारी सही केली.

ड्रॉइंगमध्ये एक चूक होती. आतल्या खाचेची खोली शून्य पॉइंट आठ मिलिमीटर दिली होती आणि फिरवून बघताना पहिल्या अकरा रिंगा तिथेच तडकल्या. दाजी चार दिवस त्यामागे लागले. शेवटी लाल पेननं आठाचे सहा केले, खाचेच्या कोपऱ्याला थोडी गोलाई दिली. रिंगा टिकल्या. गिऱ्हाइकाचं आभाराचं पत्र आलं. ते त्यांनी घरी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

आठ महिन्यांनी दुसरी ऑर्डर आली. कंपनी वेगळी, देश वेगळा. पहिल्याच्या शेजारचा, आणि दोघांच्या फौजा सीमेवर एकमेकांसमोर उभ्या. वापर : कापड गिरणीच्या चात्या. ड्रॉइंग नव्यानं काढलेलं, अक्षरं सुबक. पहिलं खोकं तपासायला आलं तेव्हा दाजींनी त्यातली खाच पाहिली. शून्य पॉइंट सहा. कोपऱ्याला तीच गोलाई.

ते कागद घेऊन केबिनमध्ये गेले. "हे यांच्याकडे कुठून आलं?"

"का? जगात अक्कल काय तुम्हा एकट्यालाच दिलीय?"

"गोलाईसुद्धा तीच?"

मेहुण्यानं दार लोटलं. दात कोरत हसला. "पकडलंत. अहो, एकाला माल गेला म्हणून दुसरा घाबरला. घाबरलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. त्याला आधी ड्रॉइंग दिलं, आता रिंगा देऊ. दोघांकडेही असलं की दोघंही गप्प बसतील. शांततेचंच काम म्हणा की!"

"आणि त्यांचा तिसरा शेजारी?"

"त्याच्याशी बोलणं चालू आहे." काडीच्या टोकावर आलेलं त्यानं निरखून पाहिलं आणि टेबलाच्या कडेला पुसलं. "उद्या पहिल्या खोक्यावर सही करून टाका. आणि ताईला सांगा, रविवारी जेवायला येतोय."

ताई म्हणजे दाजींची बायको. संध्याकाळी त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि सरकारी कचेरीत जाऊन तक्रार करायचा विचारही सांगितला.

"तुरुंगात जाईल ना हो तो?"

"जाईल. बहुतेक मीही."

"मग कशाला सांगता? सही करू नका, घरी बसा. सुंठीवाचून खोकला गेला."

"मी बसलो तर तो माझ्या जागी दुसरा बसवेल. पुढच्या मालाला तरी आडवं जायला नको?"

"कडेवर घेऊन वाढवलंय मी त्याला." तिनं ओट्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही हो? पत्र वाचून दाखवत होतात मला. तेव्हा नाही किळस आली?"



सकाळी ते कारखान्यात गेलेच नाहीत. दोन्ही ड्रॉइंगांच्या प्रती घेऊन निर्यात परवान्याच्या कचेरीत गेले. दोन तास बाकावर बसवल्यावर अधिकारीण बाईंनी आत बोलावलं. दाजींनी दूध, चात्या, लाल पेन, स्वतःची सही, काहीही न गाळता सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि एका तज्ज्ञाला बोलावलं.

"दुसरा माल आज थांबवतो," बाई म्हणाल्या. "पहिला पोचून वर्ष होत आलं. तो आता परत येत नाही. तुमच्या मेहुण्यांना दुपारी ताब्यात घेऊ. आरोपींत दुसरं नाव तुमचं असेल. समजलं ना?"

"समजलं."

त्यांनी जबाबावर सही केली. तज्ज्ञ मात्र अजून भिंग लावून ड्रॉइंग बघत होता.

"खाच कमी करून कोपरा गोल करायचं कुणाला सुचलं हो?" तो म्हणाला. "आमच्याकडे कुणाला सुचलं नसतं. फार सुरेख काम आहे."

"मला सुचलं," दाजी म्हणाले. आणि क्षणभर त्यांना फार बरं वाटलं.

मग ते घाईनं उठले, बेसिन कुठे आहे म्हणून विचारलं. तिथवर पोचायच्या आतच त्यांना उलटी झाली.