उतरंड धरून उभा असलेला जावई

बीबी का मकबरा मी इतक्या वेळा पाहिलाय, की तिथला कणीसवाला मला आता गिऱ्हाईक समजत नाही, स्टाफ समजतो.

यात माझी हौस शून्य! पुंडलिकनगरात घर घेतलं आणि दोन्हीकडच्या नातलगांनी परस्पर ठरवून टाकलं, की या माणसाचा जन्म पाहुण्यांना पाणचक्की, मकबरा आणि दौलताबाद दाखवण्यासाठीच झालाय. (कुणी आधी सांगितलं असतं, तर मी परभणीत घर घेतलं असतं.)

त्या मे महिन्यात भागाआत्या आल्या. या माझ्या बायकोच्या आत्या, गंगापूरकडच्या. सहा वर्षं त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं आणि त्याला कारण मी. मुलीच्या बारशाला त्यांना स्टँडवरून आणायचं काम माझ्याकडं होतं. मी केटरर, फुलवाला, मंडपवाला सगळ्यांना आणलं. आत्यांना विसरलो. त्या दोन तास बोचकं मांडीवर घेऊन बसल्या आणि पुढच्या एसटीनं परत गेल्या.

"अहो, या खेपेला आत्या हसत परत गेली पाहिजे," सुनंदानं आदल्या दिवशी बजावलं.

"आणि नाही हसली तर?"

"तर मी पण सहा वर्षं बोलणार नाही तुमच्याशी!"

(क्षणभर मला मोह झाला. खोटं कशाला सांगू?)

सकाळी पाणचक्की झाली. मी हात हलवून हलवून सांगितलं, "आत्या, बघा, पाण्याच्या जोरावर दळण दळायचे!"

"आन दुष्काळात?" आत्यांनी विचारलं.

इतक्या पाहुण्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी पुढं चालू लागलो.

मग मकबरा. आत्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, घुमटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं मोठं बांधलं, आन ऱ्हायला कोन नाय? भाड्यानं तरी द्यायचं!"

एक वाजला. ऊन असं, की माझ्या चपला फरशीला चिकटायला लागल्या. आत्या हसत नव्हत्या, रागावतही नव्हत्या. सुनंदा माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. अशा वेळी माणसाला इतिहास नको असतो, पंखा हवा असतो. म्हणून मी दोघींना जुन्या शहरातल्या एका लहानशा खासगी संग्रहालयात नेलं.

तिथं तलवारी होत्या. आत्या थांबल्या नाहीत. नाणी होती. थांबल्या नाहीत. मी मागून धावत धावत निजामाच्या काळाबद्दल सांगत होतो (निम्मं ऐकीव, निम्मं तिथंच सुचलेलं). शेवटच्या दालनात मात्र आत्या एकदम उभ्या राहिल्या.

तिथं दोरीपलीकडं जुनं स्वयंपाकघर मांडलं होतं. चूल, सुपात ज्वारी, कोपऱ्यात एकावर एक सात मडक्यांची उतरंड आणि मधोमध जात्यापुढं बसलेली प्लास्टरची बाई.

"ही दळतीय?" आत्या म्हणाल्या.

"हो आत्या! पूर्वीच्या काळी बायका पहाटे..."

"अशी मांडी घालून? एक पाय लांब पाहिजे! अशानं कंबर जाईल बाईची!"

आणि मी काही बोलायच्या आत आत्या दोरी ओलांडून आत! प्लास्टरच्या बाईला त्यांनी काखेत धरून अलगद बाजूला ठेवलं, फतकल मारली, पाय लांब केला आणि जात्याचा खुंटा धरला.

"आत्या, बाहेर या! आत जायचं नसतं!" मी ओरडलो.

"व्हय व्हय, आलेच," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी ज्वारीची मूठ जात्यात सोडली.

आता हसतील त्या, असं मला वाटलंही. पण त्याआधी पोलीस येतील, असंही वाटलं. त्यांना ओढून आणायला मी दोरी ओलांडली. म्हणजे एक पाय ओलांडला. दुसरा दोरीत अडकला. मी झोकांडी खाल्ली आणि सरळ उतरंडीवर गेलो! पडता पडता तिला दोन्ही हातांनी मिठी मारली. मडकी डुगडुगली. निदान मला तसं वाटलं. मी श्वास रोखला, गाल चौथ्या मडक्याला टेकवला आणि तसाच राहिलो.

"अहो, काय करताय?" सुनंदा ओरडली.

"हललो तर पडतील!" मी दातांतून बोललो.

नेमकी तेव्हाच सुट्टीतल्या शिबिराची चाळीस मुलं दालनात आली. बरोबरच्या मॅडमना वाटलं, हे सगळं संग्रहालयानंच ठेवलंय. "मुलांनो, खाली बसा! बघा, आजी दळून दाखवताहेत!"

झालं! आत्यांना कंठ फुटला. जात्याची घरघर आणि त्यावर ओवी. मुलं पुढं सरकली. दगडातून पीठ झिरपायला लागलं, तसा टाळ्यांचा कडकडाट. आत्या दोन मुलींना जवळ घेऊन खुंटा धरायला शिकवायला लागल्या. माझ्या हाताला मुंग्या, नाकावर माशी.

एका मुलीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "आजी, हे काका काय करताहेत?"

आत्यांनी मान वळवून बघितलं. "त्ये आमचं जावई हायेत. त्यांना दळता येत नाय. मंग म्हनलं, मडकी तरी धरा."

चाळीस मुलं हसली. मॅडम हसल्या. सुनंदा, माझी सात जन्मांची सोबतीण, भिंतीला टेकून हसत होती.

एवढ्या आवाजानं पहारेकरी चाचा धावत आले. "अरे साब! अंदर नै जाने का! निकलो!"

"चाचा, हात सोडला तर सगळी मडकी फुटतील! आधी वरचं उतरवा!"

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वरच्या मडक्यावर टिचकी मारली.

"साब, ये सिमिट से चिपकाए हुए हैं. भूकंप आया तो बी नै गिरते."

मी पंधरा मिनिटं धरून होतो!

कार्यालयात आम्हाला बोलावणं आलं. संग्रहालयाचे व्यवस्थापक मुलांच्या टाळ्यांनी खूश झाले होते. आत्यांना खुर्ची, पंख्याची जागा आणि चहा. मला कोरा कागद. आत्या चहा पीत मांडणीतल्या चुका सांगत होत्या, व्यवस्थापक लिहून घेत होते आणि मी शेजारी उभा राहून माफीपत्र लिहीत होतो.

संध्याकाळी मी आत्यांना एसटीत बसवलं. त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जावईबापू, मनात धरू नका काही. मी बी नाय धरत आता." आणि हसल्या. त्या हसण्यानं मला भरून आलं. खांदे दुखत होते तरी.

पण नंतर आत्यांनी गावात काय सांगितलं कोण जाणे. दिवाळीनंतर त्या नऊ बायका घेऊन हजर! "चला जावईबापू, आमचं जातं दाखवा यांना!"

गेलो. प्लास्टरच्या बाईचा एक पाय आता लांब होता. दोरीच्या जागी कठडा आला होता आणि त्यावर ताज्या रंगात पाटी: 'वस्तूंना हात लावू नये. मिठी मारू नये.'

"अगं बया! मडक्याला मिठी कोन मारतंय?" एकीनं विचारलं.

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. आत्यांनी बघितलं. चाचांनी तर हसून सलामच केला.

मी वळलो आणि पलीकडच्या भिंतीवरची आग विझवण्याची नळी अतिशय अभ्यासू नजरेनं पाहू लागलो. थोड्या वेळानं मागं बघितलं, तर नऊही बायका माझ्या मागं रांगेत उभ्या राहून तीच नळी बघत होत्या. "जावईबापू," एकीनं आदरानं विचारलं, "ही कंच्या बादशहाची?"